शेपटीखालचं चाक

आमच्या घरी विमान आहे, हे मी मुरबाडच्या कारखान्यात रुजू झाल्यावर पहिले सहा महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. एक तर कुणाला खरं वाटलं नसतं, आणि वाटलं असतं तर सगळे बघायला आले असते. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याकडचं. घराला लागून लांबलचक पडवी आहे, तिथं आईच्या भाताच्या कणग्या असायच्या. त्या कणग्या एका अंगाला सरकवून बाबांनी मधल्या जागेत विमान मांडलं होतं. पंख वेगळे काढून वाशांना टांगलेले. घरात येणारा पाहुणा आधी पंखांखालून वाकून यायचा आणि मग रामराम करायचा.

बाबा हवाई दलात पंधरा वर्षं फिटर होते. पेन्शन घेऊन गावी आले आणि भातशेतीला लागले. पण हात गप्प बसेनात. इतकी वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, आता एक आपलं करायचं, एवढंच ते म्हणायचे. मी आठवीत असताना लाकडाच्या पहिल्या पट्ट्या घरात आल्या. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा होईपर्यंत त्यांचं एका माणसाला बसता येईल असं विमान झालं होतं. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, वर पिवळा रंग. इंजिन त्यांच्या नोकरीतल्या एका दोस्तानं मिळवून दिलं होतं. हवेत न्यायला सरकारी परवानगी लागते, तिचे कागद बाबांनी दिल्लीला धाडले होते. ती येईपर्यंत विमान नुसतं जमिनीवर पळवून बघायचं, असं ठरलं.

या जातीच्या विमानाला पुढं दोन मोठी चाकं असतात आणि मागं शेपटी जमिनीला टेकते. ती जिथं टेकते तिथं खाली काय लावायचं, यावरून आमच्या घरात दोन हिवाळे वाद चालला. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी बावीस-तेवीस वर्षांची, नवीन नोकरी, नवीन ज्ञान. बाबांना सगळं आधीपासून माहीत. त्यामुळं वाद चांगला रंगायचा.

बाबांचं म्हणणं, स्किड लावायची. स्किड म्हणजे लोखंडी पाट्याचा वाकवलेला तुकडा, जमिनीवर घासत जाणारा. जुन्या विमानांना तेच असायचं. मोडायला काही नाही, वजन नाही, आणि मुख्य म्हणजे विमान आपोआप थांबतं.

"ह्याला ब्रेक नाय गो," बाबा म्हणाले. "स्किड घासते म्हणून तर थांबतं. चाक लावलंस तर थेट नदीत जाऊन थांबल."

गवत कापून आमचा वरकस माळ मोकळा झाला, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात स्किड लावून विमान बाहेर काढलं. बाबा आत बसले. शेजारचे काका, आई आणि मी बाजूला उभे. इंजिन सुरू झालं आणि विमान हललं. इतकी वर्षं पडवीत बघितलेली वस्तू माळावरून चालत निघाली होती. पण माळाच्या टोकाला गेल्यावर ते वळेना. बाबा पायानं जोर लावत होते, शेपटीवरचं सुकाणू इकडं-तिकडं हलत होतं, पण हळू चालताना सुकाणूला वाराच लागत नाही, आणि स्किड मातीत रुतलेली. शेवटी आम्ही तिघांनी जाऊन शेपटी उचलली आणि विमान फिरवलं. दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. दुपारपर्यंत सहा वेळा उचललं. माळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्किडनं ओढलेले तास पडले होते.

आई त्या तासांकडं बघत म्हणाली, "नांगरट बरी झालीय. वरी पेरू का हितं?"

काका हसले. त्या संध्याकाळी मी विषय काढला. शेपटीला चाक लावू, ते सुकाणू हलवणाऱ्या पायाच्या दांड्यांना जोडू, म्हणजे हळू असतानाही वळेल. ब्रेकचं काय, तर मोपेडचे ब्रेक पुढच्या चाकांना बसवता येतील. बाबांनी बराच विचार केला आणि मग अट घातली. शेपटी विमानाच्या मध्यापासून लांब असते, म्हणून तिथं वाढलेलं एक किलो पुढच्या तीन किलोंना भारी पडतं. तेव्हा चाक, ते धरणारा चिमटा, खिळे, सगळं मिळून दीड किलोच्या आत बसलं पाहिजे. आईच्या तराजूत तोलून बघणार, असं त्यांनी बजावलं. ब्रेकचं त्यांनी मनावर घेतलं आणि पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर, ते बसवूनही टाकले.

मी कारखान्यात देखभाल विभागात होते. माझ्या साहेबांना एकदाचं सगळं सांगितलं. त्यांनी आधी मी थट्टा करतेय असं धरलं, मग विमानाचे फोटो बघितले आणि मग स्वतःच भंगारातल्या ढकलगाडीचं एक छोटं चाक काढून दिलं. उभ्या खिळ्यावर गरकन फिरणारं, कडक रबराचं, अरुंद. मी त्याला चिमटा बनवला, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावल्या, त्या साखळ्यांनी सुकाणूला जोडल्या. स्किडसाठी जो पाटा होता त्याच्याच टोकाला हे सगळं बसलं. तराजूत एक किलो आणि वर थोडं भरलं. बाबांनी काटा दोनदा बघितला आणि मान डोलावली.

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा माळ. विमान सुटलं, टोकाला गेलं आणि ऐटीत वळलं. आई टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, जिंकलं. बाबांनी परत येताना जरा वेग वाढवला आणि चाक थरथरायला लागलं. आधी नुसती कंपनं, मग शेपटी डावी-उजवी अशी धडाधडा आपटायला लागली. लांबून बघणाऱ्यालाही दात शिवशिवल्यासारखं होत होतं. बाबांनी इंजिन बंद केलं. त्यांचा चष्मा नाकावर नव्हता, तो मांडीत पडला होता. चिमट्याचे दोन खिळे ढिले झाले होते.

"तुझं चाक नाचरं हाय," ते म्हणाले, आणि पान्हा घेऊन चाक काढायला बसले. स्किड पुन्हा लागली.

मी महिनाभराची मुदत मागून घेतली. मला वाटत होतं, दोष चाकात आहे. अरुंद आहे, कडक आहे, खिळ्यात सैल आहे. मग मी कल्याणच्या हार्डवेअरच्या दुकानांतून फिरले, आणि एका शनिवारी मुरबाडच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत तीन चाकं होती. एक हवा भरायचं, छोट्या ट्यूबचं. एक लहान मुलांच्या तीनचाकीचं, अगदी हलकं. आणि एक ॲल्युमिनियमच्या मधल्या भागावर भरीव रबर चढवलेलं, दोन बोटं रुंद. पिशवी मांडीवर घेऊन मी गावापर्यंत बसून होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, एवढं काय जपून नेतेस. मी चाकं म्हणाले, तर त्यांनी बाळाच्या गाडीची का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी तिन्ही चाकं ओट्यावर मांडली. हवेचं चाक तराजूनंच बाद केलं, एकटंच दोन किलोंच्या वर गेलं. शिवाय आमच्या माळावर बोरीचे काटे. दर फेरीला पंक्चर काढत बसलो असतो. तीनचाकीचं चाक बाबांना वजनाला फार आवडलं, पण पहिल्याच फेरीत दगडावर आपटून त्याच्या आऱ्या वाकल्या. उरलं भरीव रबराचं. ते मातीत रुतत नव्हतं, मजबूत होतं, वजनात बसत होतं. माझा जीव त्याच्यावर होता. बाबांनी वेग घेतला आणि तेही थरथरायला लागलं. तसंच, तेवढंच.

त्या दिवशी मी जेवले नाही. आधीचं चाक अरुंद, हे रुंद, आणि दोन्हींची थरथर सारखी. संध्याकाळी हात धुताना एकदम मनात आलं, की दोन्ही चाकं सारखीच नाचत असतील तर नाचवणारं चाक नाही, दुसरं काहीतरी आहे. ते काय, हे मात्र सुचत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबा खर्डीला एका लग्नाला गेले. गाय व्यायला आली होती म्हणून आई घरीच राहिली, आणि मी चाकासाठी राहिले. विमान पंख जोडून अंगणात उभं होतं. मी गोणपाट टाकून शेपटीखाली आडवी झाले आणि नुसती बघत पडले. चाक ज्या उभ्या खिळ्यावर फिरतं, तो खिळा मी नीट बसवला होता. वरचं टोक किंचित मागं कललेलं. सायकलचं हँडल असंच मागं कललेलं असतं, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. मग इथं का नाही?

तेवढ्यात आई वाल सोलायला टोपली घेऊन आली. ओट्यावर ऊन होतं, पंखाखाली सावली होती. मी तिला म्हटलं, आतच बस, गादी आहे. ती हसत हसत चढली आणि टोपली मांडीवर घेऊन बसली.

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो खिळा हलला.

चाकावरचा पाटा आईच्या वजनानं खाली बसला, सपाट झाला, आणि त्याच्या टोकाला धरलेला खिळा पुढं झुकला. मी उठून बसायला गेले आणि डोकं शेपटीवर आपटलं.

"आई, उतर जरा."

"आत्ता तर बसले."

"उतर गो, मग परत बस."

ती उतरली, खिळा मागं गेला. ती बसली, खिळा पुढं आला. मी धावत काकांकडं गेले आणि त्यांचा गवंडीकामाचा ओळंबा घेऊन आले. दोरी खिळ्याच्या बाजूला धरली, म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवायला नको. रिकाम्या विमानात खिळा दोरीच्या मागं. आई बसली की दोरीच्या पुढं. बाबा आईपेक्षा जड, म्हणून मी तिच्या मांडीवर तांदळाची पिशवी दिली. खिळा आणखी पुढं. मी तिला सहा-सात वेळा चढवलं-उतरवलं असेल.

"चढू का उतरू, एक काय ते सांग," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "घावलं का काय?"

मी हो म्हटलं. आणि ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली. खरं तर गोष्ट साधी होती. आम्ही दर वेळी विमान रिकामं ठेवून सगळं तपासत होतो, आणि चालवताना मात्र बाबा आत बसत होते. सायकलचं हँडल उलटं पुढं कलवलं तर जे होईल, ते आमच्या चाकाचं होत होतं.

बाबा चारच्या एसटीनं आले. मी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. आई पुन्हा आत बसली, या खेपेला न सांगता. बाबा लग्नाच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी शेपटीखाली आडवे झाले. आई दोनदा उठली, दोनदा बसली. मग बाबा खालूनच म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्याची विमानं तपासली. आपलं तेवढं रिकामंच बघितलं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पाट्याला जास्त कमान द्यायची होती, म्हणजे वजन पडलं तरी तो सपाट होणार नाही. असं काम शहापूरला हायवेवर होतं. तिथं ट्रकच्या पाट्यांचे कारागीर रांगेनं बसलेले असतात. पाटा गोणपाटात गुंडाळून आम्ही दोघं शहापूरला गेलो. बाबांच्या ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून भट्टी पेटलेली दिसली तिथं शिरलो. कारागीर साठीचे, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. त्यांनी पाटा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि कुठल्या गाडीचा म्हणून विचारलं.

बाबा म्हणाले, ट्रॉलीचा. त्यांना उगाच बोभाटा नको होता. पण पाटा किती वाकवायचा हे त्या माणसाला खरं कळल्याशिवाय जमणार नव्हतं.

मी म्हटलं, "विमानाचा आहे, दादा. छोटं विमान. शेपटीखाली बसतो."

त्यांनी आधी माझ्याकडं, मग बाबांकडं बघितलं. बाबा भट्टीकडं बघत होते. मग कारागिरांनी सरळ विचारलं, वजन किती येतं याच्यावर. आम्ही ते तोललेलं होतं, बाबा आत असताना पंचवीस किलो. ते ऐकून ते हसायला लागले. दिवसभर दहा-दहा टनांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून जायच्या. पण काम त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पाटा तापवून, ठोकून, आम्ही पुठ्ठ्यावर काढून नेलेल्या कमानीशी तो दोन-तीनदा ताडून बघितला आणि तेलात विझवला. मग म्हणाले, "एकटा पाटा परत बसंल. खाली एक आखूड पाटा देतो, आधाराला. पातळ देतो, वजन नाय व्हायचं."

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ट्रकला एकाखाली एक पाटे आम्ही रोज बघत होतो. बाबांनी त्यांना विचारलं की आखूड पाटा किती लांब ठेवायचा, आणि मग ते दोघं जमिनीवर खडूनं रेघा मारत अर्धा तास बोलत बसले. ट्रॉली कधीच विसरली गेली होती. निघताना कारागीर म्हणाले, उडालं की सांगा.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. मुरबाड जवळ आलं तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, "चाक कंचं लावायचं ते तू ठरव. मी नाय बोलणार."

दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते एका वाक्यात मिळालं, आणि मला आता ठरवायची भीती वाटायला लागली. गावापर्यंत मी मनात तेच ठरवत होते. पहिलं अरुंद चाक हलकं होतं, पण मऊ मातीत रुतायचं. भरीव रुंद चाक जड होतं, तरी मर्यादेत होतं. दगड, काटे, मुरूम, सगळं ते झेलणार होतं. आमचा माळ म्हणजे सिमेंटची धावपट्टी नव्हती. मी भरीव रुंद चाक घेतलं. आखूड पाट्याचं वाढलेलं वजन कमी करायला चिमट्याला भोकं पाडली. ती बाबांनीच पाडली, एकेक मोजून, आणि दर दोन भोकांनंतर तराजूकडं जाऊन आले. काटा दीड किलोवर येऊन टेकला तेव्हा त्यांनी ड्रिल खाली ठेवलं.

रविवारी सकाळी माळावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाबा आत बसले. मी ओळंबा धरून बघितलं. बाबांच्या वजनासकट खिळा दोरीच्या मागं होता. मी हात वर केला.

पहिली फेरी चालायच्या वेगानं. टोकाला वळण, न उचलता. दुसरी फेरी पळायच्या वेगानं. मी शेपटीच्या बाजूनं, चाकावर नजर ठेवून पळत होते, चप्पल कुठं गेली कळलं नाही. ज्या वेगाला मागं दोनदा थरथर सुरू झाली होती तो वेग आला. चाक सरळ. वेग आणखी वाढला, मी मागं पडले, आणि मला ते दिसलं. शेपटी अलगद उचलली गेली. चाक जमिनीपासून सुटलं, हातभर वर आलं, आणि फिरत फिरतच हवेत राहिलं. विमान दोन चाकांवर, आडवं, नाक समोर धरून धावत होतं. मग बाबांनी वेग कमी केला, शेपटी खाली आली, चाक जमिनीला टेकलं आणि सरळ धावत राहिलं. धूळ सोडून काहीही हललं नाही.

ते वळून माझ्यासमोर येऊन थांबले. इंजिन बंद केलं. उतरून त्यांनी गादी झटकली, माझ्या उंचीप्रमाणे तिच्यामागं एक घडी केलेलं पोतं ठेवलं आणि म्हणाले, "बस."

मला जमेल की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मी बसले. पायांखाली दांड्या होत्या, त्यांतून साखळ्या, स्प्रिंगा आणि थेट त्या चाकापर्यंतचा सगळा रस्ता मला पाठ होता. पण पायाला ते जाणवणं वेगळं. डावा पाय किंचित दाबला आणि एवढं मोठं यंत्र डावीकडं वळलं. उजवा, की उजवीकडं. मी नुसती माणूस पळेल एवढ्याच वेगानं गेले, बाबांनी त्यापुढं जायची बंदी घातली होती. तरी तोंडावर येणारा वारा, समोर सिद्धगड आणि मागं सरळ येणारी शेपटी. टोकाला जाऊन मी एकटी वळले. परत येताना आई माळाच्या कडेला उभी दिसली. ती पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला तेवढ्या वेगात कळलं नाही. त्या दिवशी इंधन संपेपर्यंत आम्ही आळीपाळीनं विमान पळवलं.

परवानगीला पुढं बरीच वर्षं लागली. दोन हजार साल उलटून गेल्यावर पंख सोडवून विमान ट्रकवर चढवलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर नेलं. बाबांच्या ओळखीच्या एका पायलटनं ते उडवलं. मी तोवर दुसऱ्या गावी नोकरीला होते, रजा काढून गेले. विमान वर गेलं, दोन घिरट्या झाल्या, सगळे माना वर करून बघत होते. विमान उतरायला लागलं तसे बाबा खाली वाकले, एक गुडघा टेकला आणि धावपट्टीच्या पातळीवर डोळा आणून बघत राहिले. मीही त्यांच्याशेजारी वाकले. पुढची चाकं टेकली, मग शेपटी.

"सरळ हाय," बाबा म्हणाले.